माईंच्या पावलांचा कागद

दुकानाचं शटर वर गेलं की मापाताई आधी कामाचा ओटा पुसायची, मग भिंतीतल्या फळीवर दिवा लावायची आणि फळीवरच्या दोन लाकडी पादुकांसमोर हात जोडून आठ कडव्यांची प्रार्थना म्हणायची. ती संपेपर्यंत रापीला हात लावायचा नाही, घोटभर पाणीही प्यायचं नाही. रापी म्हणजे कातडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. ती हातात आली की दिवस सुरू झाला. बावीस वर्षं हा नेम चालू होता. अंगात ताप असो, घरी पाहुणे असोत, गिऱ्हाईक दाराशी चुळबुळत असो, आठ कडवी म्हटल्याशिवाय त्या दुकानात काही कापलं जात नसे.

दुकान साध्या चपलांचं नव्हतं. ज्यांचे पाय बाजारातल्या कुठल्याच बुटात मावत नाहीत, अशांचं होतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची दोन बोटं अपघातात गेलेली, कुणाच्या तळव्याची जखम वर्षभर भरत नाही. माप घ्यायची मापाताई, कापायची आणि ठोकायचीही तीच; वरच्या भागाची शिलाई तिचा नवरा मशीनवर मारायचा. माप घेण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं, म्हणून तर मापाताई हे नाव पडलं. गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीवर बसवायचं, आपण खाली बुटक्या स्टुलावर बसायचं, त्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि बोलता बोलता बोटांनी चाचपायचा. कुणी म्हणालं, "पाय कशाला, जुना बूट आणलाय ना, त्यावरून करा," तर ती काही न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवायची. पाटीवर नवऱ्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: जुन्या चपलेवरून माप घेतलं जाणार नाही.

पादुका माईंच्या. माई म्हणजे काही मठ, गादी, शिष्यांचा गोतावळा असलेल्या गुरू नव्हत्या. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांच्या घरात भाचीसोबत राहायच्या. सकाळी जो येईल त्याला प्रार्थना शिकवायच्या, आणि कुणाचं काही अडलंनडलं तर ऐकून घ्यायच्या. मापाताई पहिल्यांदा गेली ती शेजारणीच्या आग्रहानं. दाराजवळच बसली, कारण हाताला खळीचा आणि कातड्याचा वास येत होता.

"इतक्या लांब का?" माईंनी विचारलं होतं.

"हात घाण आहेत माझे. चपलांचं काम करते."

"कसल्या चपला?"

तिनं सांगितलं. माईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, एखाद्या पेशंटचं ऐकावं तसं. मग म्हणाल्या, "म्हणजे दिवसभर लोकांचे पाय मांडीवर घेऊन बसतेस. आमची प्रार्थना दुसरं काय सांगते? अर्धी तर तुला येतेच. उरलेली शिकवते, पुढे ये."

आणि ती दाराजवळून उठून पुढे गेली होती. प्रार्थना साधी होती, रोजच्या बोलण्यातली. जी पावलं मला शोधत आली ती माझ्या माथ्यावर असोत, अशी सुरू व्हायची आणि आठव्या कडव्याला मला चालतं ठेवा म्हणून संपायची. माईंनी अट एकच घातली. "देवघरात बसून म्हणू नकोस. काम करतेस तिथं म्हण. हत्यार उचलायच्या आधी."

त्या माईंना चैत्र संपताना की कधी, आता तारीख आठवायचीही इच्छा होत नाही अशा एका दिवशी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. हात हळूहळू थोडा परतला, जीभ तर दोन आठवड्यांत पहिल्यासारखी धारदार झाली, पण डावं पाऊल आत वळलं आणि सुजून बसलं. व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी यायची, तिला सगळे व्यायामवाली म्हणायचे. तिनं एका सकाळी सगळ्यांच्या देखत स्पष्ट सांगितलं.

"आजींचं पाऊल सरळ धरून ठेवणारा बूट हवा. घोट्याच्या वरपर्यंत, बाहेरच्या कडेनं उंच. तो घालून रोज उभं राहिल्या तर चालतील. पण सांधा आखडायला लागलाय. सहा आठवडे माझ्या हातात आहेत. त्यानंतर बूट सोन्याचा केलात तरी उपयोग नाही."

माईंना चालण्याचं फारसं पडलेलं नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या गुरूंचा एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो होता. त्याच्यासमोर पन्नासएक वर्षं त्यांनी हीच प्रार्थना म्हटली होती, आणि नेहमी उभं राहून. आता पलंगावर पडून म्हणावी लागत होती.

"आडवं होऊन गुरूला नमस्कार," त्या मापाताईला म्हणाल्या, "म्हणजे पलंगावरून साहेबाला सलाम ठोकल्यासारखं. मला एकदा उभं कर गं. पुढचं तो बघेल."

मापाताईनं मान डोलावली. तिला वाटलं, बावीस वर्षं जे शिकले ते याच दिवसासाठी.

आणि तिथंच तिच्या हातून ती चूक झाली, जी तिच्या दुकानात नव्यानं आलेल्या पोरीनंही केली नसती.

टेप आणि कागद घेऊन ती माईंच्या खोलीत गेली तेव्हा दहा-बारा जण प्रार्थनेला बसलेले होते. पुढे हेडक्लार्क. हे गृहस्थ एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वयानं माईंच्या खालोखाल आणि शिस्तीनं माईंच्याही वर. चपला कुठं काढायच्या, फुलं कुणी आणायची, कोण कुठं बसणार, सगळं त्यांच्या ताब्यात. मापाताईनं पेन्सिल काढलेली बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, काय करताय?"

"माप घेतेय भाऊ."

"माईंच्या पावलांवर पेन्सिल फिरवणार? टेप गुंडाळणार?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांच्या माना वळल्या. "अहो, पादुका आहेत ना तुमच्याकडे? बावीस वर्षं पुजताय. त्याहून वेगळं माप ते कुठलं?"

मापाताईचे हात तसेच थांबले. खरं तर तिलाही आतून तेच वाटत होतं. शेकडो लोकांचे पाय तिनं बिनदिक्कत मांडीवर घेतले होते, पण या पावलांवर डोकं ठेवायचं, आकडे नाही मांडायचे. शिवाय ती पावलं आपल्याला पाठ आहेत, रोज डोळ्यांपुढे असतात. तिनं पेन्सिल पिशवीत टाकली.

"खरंय भाऊ," ती म्हणाली.

दुकानात येऊन तिनं पादुका फळीवरून उतरवल्या, आधी नमस्कार केला आणि त्यांवर टेप लावली. नवरा मशीन थांबवून बघत राहिला.

"अगं, हे काय?"

"माईंच्या बुटाचं माप."

त्यानं काही न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"त्या जुन्या चपला नव्हेत," ती म्हणाली. "त्या पादुका आहेत."

"बरं बाई. पाटीत दुरुस्ती करतो. पादुकांवरून घेतलं जाईल, असं लिहितो खाली."

दहा दिवस खपून तिनं बूट केला. मऊ कातडं निवडलं, आतून दुहेरी अस्तर लावलं, एका हातानं आवळता यावेत असे तीन पट्टे बसवले. देखणा झाला होता. व्यायामवालीनं तो माईंच्या पायात घातला, दोघींनी मिळून त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाऊल जमिनीला टेकवलं. माईंचा चेहरा पांढरा पडला, तरी त्यांनी उजव्या हातानं पलंगाची कड धरून ठेवली. पाच मिनिटांनी बूट काढला तेव्हा करंगळीच्या बाजूचं कातडं सोललं होतं आणि टाचेवर फोड आला होता.

व्यायामवालीनं बूट उलटासुलटा करून पाहिला. "काकू, माप कुणाचं आहे हे?"

हेडक्लार्कनी सांगितलं, "पादुकांचं. माईंच्याच."

माई पलंगावर होत्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या हसायलाच लागल्या, अर्ध्या चेहऱ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अरे, त्या पादुका सुतारानं अंदाजानं केलेल्या. मला न बघताच. तुम्हीच हट्ट धरलात, माई एकदा पायात घाला, एकदा घाला. एक सकाळ घातल्या. दोन दिवस अंगठ्याला पट्टी होती माझ्या. आठवत नाही? रोजच्यासारखी बागेत फिरायला गेले नव्हते ते?"

हेडक्लार्कना आठवत असावं, कारण ते खिडकीबाहेर बघू लागले.

"फोड बरा व्हायला आठवडा," व्यायामवाली म्हणाली. "तोवर काहीच करता येणार नाही. उरले साडेतीन आठवडे." तिनं रागावून नाही, दमून सांगितलं. ते जास्त लागलं.

त्या रात्री मापाताईच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी पहिल्यांदाच ती त्या फळीसमोर उभी राहून पादुका पाहत राहिली. खरोखर पाहत. दोन्ही अगदी एकसारख्या; डावं-उजवं असं काही नव्हतंच. कुठल्याही माणसाचे दोन पाय इतके सारखे नसतात, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण ज्या नजरेनं ती दिवसभर लोकांचे पाय बघायची, ती नजर या फळीसमोर कायम खाली असायची. मग बावीस वर्षं आपण नमस्कार केला तरी कुणाला? सुताराच्या अंदाजाला?

प्रार्थना तिनं म्हटली, नेम मोडला नाही.

फोड सुकल्यावर ती पुन्हा माईंकडे गेली, ती मुद्दाम दुपारी, कुणी नसताना. भाचीनं दार उघडलं आणि चहा टाकायला आत गेली. मापाताई पलंगाजवळ जमिनीवर बसली आणि जे मनात होतं ते बोलून गेली.

"माई, त्या पादुका तुमच्या मापाच्याच नव्हत्या."

"नव्हत्या."

"मग इतकी वर्षं मी..."

"नमस्काराला चालल्या की नाही?"

"चालल्या."

"मग झालं. त्या नमस्काराच्या. चालायला माझा पाय घे. हा बघ," म्हणून माईंनी पांघरूण बाजूला केलं.

मापाताईनं पाय मांडीवर घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चाळीस वर्षं इस्पितळाच्या लांबलांब व्हरांड्यांतून फिरलेला पाय. अंगठ्याच्या मुळाशी गाठ, दुसरं बोट पहिल्यावर चढलेलं, टाचेला जुन्या भेगा, घोट्यापाशी भाजल्याचा एक डाग.

"हे कशानं?"

"उकळतं पाणी. रात्रपाळी होती, एका बाळंतिणीच्या खोलीत धावत निघाले होते."

मग बोटं आपली कामाला लागली. सूज कुठं मऊ आहे, कुठं टणक, कुठं दाबलं की माई श्वास रोखतात. शेवटी तिनं ठशाची चौकट काढली. चौकटीत ताणलेलं पातळ रबर असतं, त्याच्या खालच्या बाजूला शाई, त्याखाली कागद. वरून पाऊल दाबलं की पाय स्वच्छ राहतो आणि कागदावर तळव्याचा ठसा उमटतो; भार जिथं जास्त, तिथं शाई गडद. भाचीच्या मदतीनं तिनं माईंना पलंगाच्या कडेला बसवलं, पाऊल चौकटीवर टेकवून गुडघा हातानं दाबून धरला आणि पेन्सिलीनं पावलाभोवती दाबून रेघ ओढली, तीही रबराखाली कागदावर उमटली. चौकट उघडली तर कागदावर माईंचं पाऊल होतं. पाचही बोटं, टाच, मधली कमान, सगळं.

ती ते बघत असतानाच हेडक्लार्क आले. औषधं द्यायला आले होते. कागद पाहिला आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"चरण उमटलेत," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी माईंच्या उशाशी ठेवलेल्या फुलांतलं एक उचललं आणि कागदावर, टाचेपाशी ठेवलं. वाकून नमस्कार केला.

आणि मापाताईनंही केला. तिथंच घोळ झाला.

कारण तो कागद कापायचा होता. तिच्या कामाची रीतच तशी. ठशाचा कागद पेन्सिलीच्या रेघेवर कापायचा, तो कळबुताच्या तळाला, म्हणजे पावलाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याला चिकटवायचा, गडद डाग दिसतील तिथं लाकूड तासायचं. कागद त्या कामात फाटतो, तुटतो, भुग्यात जातो. कुणाच्याही कागदाचं तिनं कधी काही वाटून घेतलं नव्हतं. पण हा तिनं दुकानात आणला तो फूल न हलवता, दोन्ही हातांवर, आणि फळीवर पादुकांशेजारी ठेवला. सकाळी प्रार्थना म्हटली, रापी उचलली, कागदाकडे पाहिलं आणि रापी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिनं दुसऱ्यांची कामं केली, सगळी झटपट उरकली, पण कागदाला हात लागेना.

"झेरॉक्स काढू," नवरा म्हणाला.

काढली. तिनं पट्टी लावून पाहिली. मशीननं आकार टाचणीच्या डोक्याइतक्या फरकानं आखडला होता. एकदा फोड आणून झालेला; आता टाचणीच्या डोक्याएवढीही तफावत तिला चालणार नव्हती.

"मग उलट कर. झेरॉक्स फळीवर ठेव आणि खरा काप."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मशीनचं चाक उगीचच एकदा फिरवलं.

"म्हणजे गुरूला झेरॉक्स?"

"अगं, मी आपलं सुचवलं."

"तुमच्या आईच्या फोटोला सुचवाल असं?"

"आईचा तो झेरॉक्सच आहे," तो म्हणाला. "मूळ फोटो भावाकडे आहे. तुला काय वाटलं?"

तिला हसू आलं आणि हसताहसताच रडू. तो मशीनवरून उठला, तिच्या बुटक्या स्टुलाशेजारी उकिडवा बसला.

"हे बघ, मला तुझ्या प्रार्थनेतलं काही कळत नाही. पण रोज ऐकतो. शेवटी काय म्हणतेस? मला चालतं ठेवा. आता त्या बाईंना चालतं ठेवायची पाळी तुझी आहे. तीन दिवस गेलेत."

"कळतंय हो मला. हात धजत नाही."

"मग ज्यांचा पाय आहे त्यांनाच विचार."

चौथ्या दिवशी तिनं कागद घडी न घालता एका पुठ्ठ्यावर ठेवला, पिशवीत रापी आणि मोठी कात्री टाकली आणि सकाळच्या प्रार्थनेलाच माईंकडे गेली. आज लपवायचं नाही असं ठरवलं होतं. सगळे जमले होते. व्यायामवालीही होती, हातावरचं घड्याळ बघत.

"बूट?" तिनं विचारलं.

मापाताईनं पुठ्ठा पुढे केला. "अजून कागदच आहे."

"म्हणजे कापलाच नाही?"

"कापता येत नाही मला."

हेडक्लार्क लगेच म्हणाले, "बरोबरच आहे. कापायचा कसा? मी चौकट सांगितलीये करायला, काचेची. इथं लावू, माईंच्या गुरूंच्या फोटोखाली. ताईंनी दुसरं माप घ्यावं."

"दुसरं घेतलं तर तेही पाऊलच असेल ना भाऊ," मापाताई म्हणाली. "त्यालाही तुम्ही फूल वाहाल. आणि मीसुद्धा."

व्यायामवालीनं काही तरी म्हणायला तोंड उघडलं, पण माईंनी उजवा हात वर केला.

"आधी प्रार्थना होऊ दे. आज तू म्हण," त्या मापाताईला म्हणाल्या.

मापाताईनं म्हटली. रोज यंत्रासमोर, खळीच्या डब्यांसमोर म्हणायची, आज पहिल्यांदा माईंच्या समोर एकटीनं. माई आडव्या पडून, डोळे मिटून, ओठ हलवत होत्या. मला चालतं ठेवा, पाशी आल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आण तो कागद. आणि कात्री आहे ना पिशवीत? मला दे."

मापाताईला वाटलं, माई कागदाला हात लावून आशीर्वाद देतील. माईंनी पुठ्ठा पोटावर ठेवून घेतला, ते फूल उचलून उशाशी ठेवलं, उजव्या हातात कात्री धरली आणि कागदाच्या कडेपासून सरळ अंगठ्याच्या शाईपर्यंत कचकन एक काप मारला.

हेडक्लार्कच्या तोंडून नुसतीच हवा बाहेर पडली.

"भाऊ," माई शांतपणे म्हणाल्या, "मूर्तीचा टवका उडाला तर ती पूजेत ठेवता का तुम्ही?"

हेडक्लार्क खालमानेनं म्हणाले, "खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत."

"मग हा कागद आता तुमच्या कामाचा नाही. हिच्या कामाचा आहे." त्यांनी पुठ्ठा मापाताईकडे दिला. "आणि चौकट ठेवा जपून. मी मेल्यावर लागेल. मी अजून आहे, माझ्या पायांना काच कशाला? बूट करा."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. व्यायामवालीच होती ती. आणि हेडक्लार्कनी चष्मा काढून पुसायला घेतला तेव्हा त्यांच्याही ओठांचा कोपरा हलल्याचं मापाताईनं पाहिलं.

तिनं दुकानात जाईपर्यंतही वाट पाहिली नाही. तिथंच जमिनीवर बसली, रापी काढली आणि पेन्सिलीच्या रेघेवरून कागद कापायला लागली. एक-एक बोट वळून जाताना तिच्या मनात कडवी आपोआप येत होती, पण तोंडानं ती म्हणत होती ते वेगळंच. इथं गाठ आहे, इथं जागा सोडायची. हे बोट वर चढलंय, इथं उंची वाढवायची. बावीस वर्षं ज्या पावलांना ती नुसता नमस्कार करत होती, ती आज तिला खऱ्या अर्थानं कळत होती, आणि कळण्यात काही कमी होत नव्हतं.

सहा दिवसांत बूट झाला. नवऱ्यानं त्याची शिलाई तीनदा उसवून पुन्हा घातली. कुणी सांगितलं नव्हतं. कागद उरला नाही. कळबूत तासताना त्याचे तुकडे भुग्यात गेले आणि संध्याकाळी केर काढताना तिनं तो भुगा नेहमीसारखाच सुपलीत भरला. क्षणभर थांबली, मग टाकून दिला.

माईंच्या पायात बूट आधी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. कातडं लाल झालं, पण सोललं नाही. व्यायामवालीनं रोज बसवलं, कमरेला पट्टा बांधून उठवलं, पुन्हा बसवलं. माई दमायच्या, चिडायच्या, तिला नावं ठेवायच्या. "मी नर्स असताना तुझ्यासारखी पोर हाताखाली असती तर पहिल्या दिवशी पळवून लावली असती," म्हणायच्या. ती म्हणायची, "पळवायला तरी आधी उठावं लागेल, आजी."

पाचव्या आठवड्याच्या शेवटच्या सकाळी मापाताई पोचली तेव्हा माई पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या, उजव्या पायात मोजा, डावा अनवाणी. बूट दाराशी, चपलांच्या रांगेपासून जरा बाजूला ठेवलेला. सगळे बुटाकडे बघत होते. गोम कुठं आहे ते तिला लगेच कळलं. उभं राहायचं तर बूट घालावा लागणार, आणि तोही गुरूंच्या फोटोसमोर. व्यायामापुरता तो चालून गेला होता; पण प्रार्थनेच्या वेळी इतक्या वर्षांत कुणाच्या चपलेचा अंगठाही उंबऱ्याच्या आत आला नव्हता, आणि तो नियम ज्यांचा, ते हेडक्लार्क दारातच उभे होते.

"बूट नवाच आहे, भाऊ," मापाताई चाचरत म्हणाली. "रस्त्याला लागलेला नाही."

हेडक्लार्कनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते वाकले, दोन्ही हातांनी बूट उचलला, खोलीतून चालत आले आणि माईंसमोर जमिनीवर बसले. गुडघे कडकडले त्यांचे. मग माईंचं पाऊल हळूच त्यात सरकवलं आणि पट्टे एकेक करून आवळले. तिसऱ्याशी थांबले.

"हा किती घट्ट, ताई?"

"बोट जाईल इतका ढिला ठेवा."

त्यांनी बोट घालून पाहिलं आणि मान हलवली.

व्यायामवालीनं डावीकडून धरलं, भाची उजवीकडून. माई उठल्या. आधी वाकड्या, मग थोड्या सरळ. डोळे फोटोवर. मग त्यांनी म्हणायला सुरुवात केली, आवाज बारीक पण ठाम. जी पावलं मला शोधत आली. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याला गुडघा थरथरायला लागला. चौथं त्यांनी जवळजवळ कुजबुजून संपवलं आणि म्हणाल्या, "बसवा."

बसवलं. घाम पुसला.

"उरलेली चार उद्या," माई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाचवं कडवं झालं, सहावं नाही. पण त्याच्या दहा दिवसांनंतर एका सकाळी आठही झाली, आणि त्या दिवशी माई फोटोपासून खिडकीपर्यंत, काठी टेकत, सहा पावलं गेल्या. मधे दोनदा थांबल्या आणि व्यायामवालीला म्हणाल्या, "मोजू नकोस, मला लाज वाटते."

महिनाभरानं व्यायामवालीनं दुकानात निरोप पाठवला. सूज उतरलीये, बूट सैल पडतोय, नवीन माप हवं. एवढा आनंदाचा निरोप मापाताईला आयुष्यात क्वचितच मिळाला असेल. तिनं नवऱ्याला वाचून दाखवला.

"म्हणजे पुन्हा कागद," तो म्हणाला. "पुन्हा तीन दिवस तू त्याच्याकडे बघत बसणार."

"नाही बसणार."

दुसऱ्या दिवशी ती माईंकडे गेली तेव्हा खोलीत नेहमीची मंडळी होती. हेडक्लार्क फुलांची परडी घेऊन पुढेच बसले होते. माई खुर्चीत होत्या, पलंगावर नव्हत्या. मापाताई खाली बसली, चौकट उघडली, आत नवा कोरा कागद सरकवला. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली, कागद पुन्हा बाहेर काढला, पिशवीतून कात्री घेतली आणि त्याचा एक कोपरा आधीच कापून टाकला.

माईंनी ते पाहिलं. हेडक्लार्कनीही पाहिलं, आणि परडी आपल्या मांडीवरून उचलून मागे सरकवली.

"द्या पाय," मापाताई म्हणाली.